दुर्बिणीचं बघायला सांगितलंय

अण्णांनी नोकरीची सगळी वर्षं खाली बघण्यात घालवली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, त्यांचं कामच तसं होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. नगरपालिकेच्या पाणी खात्यात ते मीटर वाचायचे. प्रत्येक घराच्या फाटकापाशी जमिनीत एक लोखंडी झाकण, झाकणाखाली गुडघाभर खड्डा, खड्ड्यात गाळ, गोगलगायी, एखादा बेडूक, आणि सगळ्याच्या तळाशी धुरकट काचेआड पाच आकडे. लोखंडी आकडा अडकवून झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, टॉर्च दातांत धरायचा, फडक्यानं काच पुसायची आणि वाचायचं. डावीकडून उजवीकडे एकदा, खात्री म्हणून उजवीकडून डावीकडे एकदा. "एका आकड्यानं उचलतो आणि दुसरा आकडा वाचतो," हा त्यांचा एकुलता एक विनोद. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी तो पहिल्यांदा ऐकला आणि हसले, त्याचा त्यांना इतका आनंद झाला की पुढे दर नव्या पाहुण्यासमोर ते तो माझ्याकडे बघत सांगू लागले.

फाटकाशी उभं राहून ते "पाणीऽऽ" अशी हाक द्यायचे, म्हणून सगळ्या भागात त्यांना पाणीवाले म्हणत. लहान मुलांना वाटायचं की हाच माणूस नळाला पाणी सोडतो. पाणी आलं नाही की लोक त्यांनाच बोलायचे, बिल जास्त आलं की आणखी बोलायचे. अण्णा ऐकून घ्यायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घाई नाही, तुमच्या सोयीनं भरा."

घरातही तेच. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "घाई नाही, तुझ्या सोयीनं." चष्म्याची दांडी मोडली तर दोरा गुंडाळून महिनाभर काढतील, पण दुकानात चला म्हणणार नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "घराला आग लागली ना, तर हा माणूस बंबवाल्यांना फोन करून सांगेल, घाई नाही." सासूबाई होत्या तोवर अण्णांच्या बोलण्याचं भाषांतर घरात होत असे. "घाई नाही म्हणतायत म्हणजे आत्ता ऊठ," हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्या गेल्या आणि हळूहळू मी ते विसरले.

हे सगळं लिहायचं कारण असं, की गेल्या काही महिन्यांत अण्णांनी स्वतःसाठी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मी चुकीची ऐकली. त्यात त्यांचा जीव जाता जाता वाचला. पुरता वाचला की नाही, ते उद्या दुपारी कळेल.

मी तशी ऐकण्याचेच पैसे घेते. एका कुरिअर कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचं माझं काम आहे. आमच्याकडे पहिला नियम असा की गिऱ्हाइकाचं बोलणं संपलं की ते आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की…" त्यानं हो म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. पार्सल फुटलं म्हणणाऱ्याचं पार्सल फुटलेलं नसतं, खोका फुटलेला असतो. दिवसभर मी ते वाक्य इतक्या वेळा म्हणते की घरी आल्यावर तोंडातून निघत नाही.

घरी माझे कान आणि डोळे मुलीकडे असतात. ती तेरा वर्षांची आहे आणि तिच्या बाबतीत मी डोळ्यांत तेल घालून बसते, असं तिचे बाबा म्हणतात. ते पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीत आहेत, महिन्यातले बरेच दिवस बाहेर, तेव्हा काळजीचा सगळा कारभार माझ्याकडे. मुलीला शिंक आली की मी कपाळाला हात लावून बघते. ती जिना उतरताना पावलं ऐकते. तळ्यावर आजोबांबरोबर जायचं तर काठापासून लांब उभं राहायचं, असं तिच्याकडून वदवून घेते.

तळं आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. निवृत्त झाल्यावर अण्णा रोज सकाळी तिथे जायला लागले. आधी नुसते फिरायला, मग तिथे पक्षी बघणारी पाच-सहा माणसं भेटली त्यांच्यात उभे राहायला. त्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, उन्हाळा-हिवाळा डोक्यावर कापडी टोपी, म्हणून आमच्या घरात त्या टोपीवाल्या बाई. त्यांनी एकदा आपली दुर्बीण अण्णांच्या हातात दिली. त्या दिवशी अण्णा घरी येऊन चहा विसरून बोलत राहिले. पाणकावळा पंख पसरून बसतो तो वाळत घातलेल्या कोटासारखा दिसतो. खंड्याच्या चोचीत मासा होता आणि माशाचा डोळा दिसला. "माशाचा डोळा, अगं. पलीकडच्या काठावरून." इतकी वर्षं मान खाली घालून काम केलेला माणूस, वर बघायला लागल्यावर त्याची मान दुखायची आणि तो ते कौतुकानं सांगायचा.

तर दुर्बीण हा शब्द आमच्या घरात होता. पक्ष्यांचा शब्द म्हणून होता.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मुलीची दुसऱ्या दिवशी गणिताची परीक्षा, ती आतून विचारत होती की हे उत्तर उणे का येतंय. कुकरची शिट्टी होत होती. अण्णा बाहेरून आले, चपला काढल्या आणि दारात उभे राहिले.

"दुर्बिणीचं बघायला सांगितलंय," ते म्हणाले.

"हो का?" मी म्हटलं. "मग बघू की अण्णा. महाग असते का हो?"

"साधी असली तरी चालेल म्हणाले ते. घाई नाही, तुझ्या सोयीनं."

एवढंच बोलणं झालं. अण्णा आले होते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून. पोटात कळ येते म्हणून ते कुणाला न सांगता दाखवायला गेले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की घशातून दुर्बीण घालून पोट आतून एकदा बघून घ्या, साधी, भूल न देता केलेली असली तरी चालेल. मला वाटलं तळ्यावरून आले. दवाखाना आणि तळं एकाच रस्त्यावर आहेत. पण ते काही कारण नव्हे. 'सांगितलंय' हा शब्द माझ्या कानावर पडला होता. पक्षी बघणारी माणसं एखाद्याला दुर्बीण घे असं सुचवतील, सांगणार नाहीत. सांगतात ते डॉक्टर. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला हे कळायला हवं होतं. मी "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की…" एवढं म्हटलं असतं तर तिथेच सुटलं असतं. मी कुकर बंद केला आणि उणे का येतं ते सांगायला आत गेले.

त्यानंतर मी जे केलं ते मनापासून केलं, आणि तेच आता सोसत नाही.

अण्णांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं, तेव्हा मी ठरवलं की आपल्या ऐपतीत जी सगळ्यात चांगली मिळेल ती शोधायची आणि त्यांना न सांगता हातात द्यायची. जेवणाच्या सुट्टीत माहिती वाचायला लागले. आधी मला वाटलं होतं, जितकी पट मोठी तितकी चांगली. वीस पट मोठं दाखवणारी एक स्वस्तात मिळत होती, तिच्या काचा माणकासारख्या लाल. मी ती घेणारच होते. पण एका सकाळी अण्णा घरी पडून होते, तेव्हा मी एकटीच तळ्यावर जाऊन टोपीवाल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या.

"वीस पटीच्या नादी लागू नका," त्या म्हणाल्या. "हात थरथरतो ना, तोही वीस पट दिसतो. आणि लाल काचा रुबाबाला असतात. आतून सगळं जग निळं."

त्यांनी मला समजावलं की दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला म्हणजे किती पट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. काच मोठी तर उजेड जास्त, पण वजनही जास्त. त्यांनी मग अण्णांबद्दल विचारायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना काय झेपेल ते ठरवता यावं. मी एकेक सांगत गेले.

मी सांगितलं की हल्ली त्यांचा हात कापतो, पेला धरताना दिसतं. बाई म्हणाल्या, मग आठ पटीच्या वर जाऊ नका, दहालासुद्धा नको. मी सांगितलं की ते लवकर दमतात. त्या म्हणाल्या, हो, मीही बघते, अलीकडे मधेच बाकावर बसतात. मग बत्तीसची काच घ्या, बेचाळीसची गळ्यात जड होते; नाहीतरी या वयात डोळ्याची बाहुली फार उघडत नाही, मोठ्या काचेचा उजेड फुकटच जातो. मी सांगितलं की त्यांची मान बारीक झालीय, शर्टाची कॉलर सैल पडते, अरुंद पट्टा रुतेल. त्या म्हणाल्या, रुंद, मऊ पट्टा वेगळा मिळतो. मी सांगितलं की परवा म्हणत होते, कधी कधी डोळ्यांपुढे अंधारून येतं. त्यावर बाई म्हणाल्या, तर मग काचेवर चांगला थर दिलेली, उजळ दाखवणारी बघा, तिथे पैसे वाचवू नका.

आता हे पुन्हा वाचलं तर एखाद्या डॉक्टरपुढे बसून सांगावं तसं मी सांगत होते. हात कापतो, दम लागतो, वजन उतरलंय, अंधारी येते. आतल्या आत रक्त जात असलेल्या माणसाची सगळी लक्षणं मला तोंडपाठ होती, आणि मी त्यांच्यावरून दुर्बिणीचं माप काढलं. बाईंना काय बोल लावू? त्यांना वाटलं वय झालं. मलाही तेच वाटलं. मुलगी एक घास कमी जेवली तर मी वाटी घेऊन मागे फिरते. अण्णा अर्धी पोळी ठेवून उठायचे तेव्हा मी ती झाकून ठेवायचे.

दोन दुकानं फिरले. पहिल्या दुकानदारानं दुर्बीण काउंटरवरच दाखवली, बाहेर नेऊ देईना. बाईंनी बजावलं होतं की दुकानाच्या दारात उभं राहून लांबची पाटी वाचल्याशिवाय घेऊ नका, म्हणून तिथून निघाले. दुसऱ्या दुकानात मी पायरीवर उभी राहून रस्त्याच्या टोकाची पाटी वाचली. कडेची अक्षरं पसरतात का, बघितलं. हात लांब करून उजेडाकडे धरली आणि मागच्या काचेतले प्रकाशाचे ठिपके पुरे गोल आहेत ना, की कडेनं कापलेले, ते तपासलं. अण्णा चष्मा लावतात म्हणून मी माझा चष्मा चढवून डोळ्याजवळचं रबरी कडं आत फिरवून पाहिलं, अख्खं वर्तुळ दिसतं की नाही ते. दुकानदार शेवटी म्हणाला, "बाई, लग्नाला मुलगी बघताना लोक एवढं बघत नाहीत." मी हसले. मला माझाच अभिमान वाटत होता. आठ बाय बत्तीस, पाणी आणि वाफ आत न शिरणारी, वजनाला हलकी. ठरवलेल्या रकमेपेक्षा किंचित जास्त झाली, पण पट्टा त्यानं त्यातच दिला.

इतकी चौकशी मी मुलीच्या शाळेचीही केली नव्हती. आणि ज्यांच्यासाठी केली, त्यांना एकदाही विचारलं नाही.

अण्णांनी खोका उघडला तेव्हा मी आणि मुलगी समोर उभ्या होतो. त्यांनी झाकण बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"दुर्बीण," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात ना अण्णा."

"हो," ते म्हणाले. "म्हणालो होतो खरा."

मग ते उठून खिडकीशी गेले. मधलं चाक फिरवून समोरच्या इमारतीवरच्या टाकीवर लावली आणि टाकीवरचा नंबर मोठ्यानं वाचला. डावीकडून उजवीकडे आणि मग उजवीकडून डावीकडे. मुलगी हसून हसून खाली बसली. अण्णांचे डोळे भरले होते. मला वाटलं आनंदानं.

महिना-दीड महिना चांगला गेला, म्हणजे मला तसं वाटलं. दुर्बीण रोज तळ्यावर जायची. आल्यावर फडक्यानं पुसून खुंटीला. गुडघेदुखीच्या गोळ्या अण्णा कित्येक वर्षं घेतात, इतकी वर्षं टेकलेले गुडघे, त्या मीच महिन्याच्या सामानाबरोबर आणून देत होते. रिकाम्या पोटी घेतात का, हेही कधी विचारलं नाही.

एका रविवारी टोपीवाल्या बाईंचा फोन आला. त्या नेहमी सावकाश बोलतात, त्या दिवशी भराभर बोलल्या. अण्णा बाकावरून उठले आणि पडले. मी पोचले तेव्हा अण्णांचं डोकं मुलीच्या मांडीवर होतं. ती तळ्याच्या अगदी काठाला बसली होती आणि दुर्बीण तिनं स्वतःच्या गळ्यात घालून घेतली होती, धक्का लागू नये म्हणून. अण्णांचा रंग ओल्या कागदासारखा झाला होता.

रुग्णालयात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, पोट दाबलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि आतून रक्त जातंय असं वाटतं म्हणाल्या. आधी कुणाला दाखवलं होतं का? मला माहीत नव्हतं. अण्णा डोळे मिटून पुटपुटले, "कोपऱ्यावरचे." मी तिथूनच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. फोनवर ऐकणं हा माझा धंदा, म्हणून तो संवाद मला शब्दन् शब्द लक्षात आहे.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांना सांगितलं होतं. दुर्बीण करून घेतली का?"

"हो," मी म्हटलं. "घेतली ना. मागेच घेतली."

"काय निघालं?"

"निघालं म्हणजे? आठ बाय बत्तीस."

"आठ बाय बत्तीस?" डॉक्टरांनी विचारलं. मुलगी माझ्या शेजारी उभी होती, गळ्यात ती दुर्बीण. मी तिच्याकडे बघितलं आणि बघता बघता मला सगळं कळलं. कुकर, उणे उत्तर, दारातले अण्णा, साधी असली तरी चालेल. मी फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि भिंतीला टेकले.

त्याच दिवशी त्यांची ती दुसरी दुर्बीण झाली. जठरात खोल जखम निघाली. रक्त चढवावं लागलं. जखमेचा तुकडा तपासायला पाठवला आणि त्याचा निकाल येईपर्यंत थांबा म्हणाले. डॉक्टरीणबाई बोलायला चांगल्या होत्या, पण त्यांनी एक वाक्य सहज म्हटलं, की तेव्हाच केली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. त्यांना काही माहीत नव्हतं. मी मान हलवली.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी असतो तरी मलाही पक्ष्यांचीच वाटली असती. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. ते शिव्या देते तर सोपं झालं असतं.

मुलीनं मात्र सोडलं नाही. रुग्णालयातून घरी येताना तिनं विचारलं, "आई, ऑफिसात तू सगळ्यांना म्हणतेस ना, म्हणजे तुमचं म्हणणं असं की?"

"हो."

"मग आजोबांना का नाही म्हटलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला समोर बघून चाल म्हटलं. खरं उत्तर असं आहे, की गिऱ्हाइकाचं चुकीचं ऐकलं तर तो ओरडतो. अण्णा ओरडत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

तुकड्याचा निकाल चांगला आला. भलतंसलतं काही नव्हतं, गोळ्यांनीच पडलेली जखम होती. त्या दिवशी अण्णा उशीला टेकून बसले होते आणि खिडकीबाहेरच्या तारेवरच्या चिमण्यांकडे बघत होते. मी स्टुलावर बसले आणि एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, अण्णा, तुम्ही सांगितलं होतंत आणि मी ऐकलं नाही. माझ्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली.

अण्णांनी चष्मा काढून चादरीला पुसला.

"खोका उघडला तेव्हाच मला कळलं होतं," ते म्हणाले.

मला वाटलं मी पुन्हा चुकीचं ऐकलं. या वेळी मी विचारलं. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की माझा घोटाळा झालाय?"

"हो. तू इतकी शोधून आणली होतीस. पोरगी उड्या मारत होती. म्हटलं, आता हिला काय सांगायचं, ही नव्हे बाई, ती दुसरी? घशात घालायची? म्हटलं, सांगू पुढल्या आठवड्यात." मग म्हणाले, "आणि खरं सांगू का, मला त्या नळीची फार भीती वाटत होती. खड्ड्यात हात घालायला कधी भ्यालो नाही, पण स्वतःच्या आत कुणी डोकावायचं म्हणजे… ही हातात आली आणि म्हटलं, बरं झालं, टळलं. तू चुकलीस ती माझ्या सोयीनं चुकलीस."

त्यांना वाटलं होतं मी यावर हसेन. पहिल्या विनोदाच्या वेळी बघितलं होतं तसं ते माझ्याकडे बघत होते. मी हसले. पण घरी येऊन विचार केला तेव्हा माझं ओझं कमी न होता वाढलं. म्हणजे त्या महिना-दीड महिन्यात रोज सकाळी या माणसाला माहीत होतं, रोज पोटात कळ येत होती, आणि माझा हिरमोड होऊ नये म्हणून तो ती दुर्बीण गळ्यात घालून तळ्यावर जात होता. खुंटीला अडकवताना रोज सांगू म्हणत असेल. आणि मी रोज विचारत होते, "काय अण्णा, कशी दिसते?" ते म्हणत होते, "अगदी उजळ."

ते घरी आले त्याला आता दोन महिने होतील. गुडघ्याच्या त्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या आल्या, पोटाच्या आल्या. कॉलर अजून सैल आहे, पण रंग आलाय. मी आता त्यांच्या ताटाकडे बघत बसते. झोपेत श्वास चालतो का ते बघायला त्यांच्या दारात जाते, मुलगी तान्ही होती तेव्हा जात असे तशी. परवा ते वैतागले, म्हणजे त्यांच्या मानानं वैतागले. म्हणाले, "सूनबाई, ती दुर्बीण तळ्यासाठी आणलीस ना? माझ्यावर का लावून बसतेस?" मुलगी म्हणाली, आजोबा, आता तुमची पाळी, आधी माझ्यावर होती. दोघांनी मिळून मला हसून घेतलं.

मध्ये एकदा सगळे बाहेर असताना मी ती खुंटीवरून काढली. इतकी निवडून आणली, पण दुकानाच्या पायरीनंतर मी तिच्यातून कधी बघितलंच नव्हतं. खिडकीतून टाकीवर लावली. नंबर धूसर दिसत होता. डोळ्याशी एक लहान चाक असतं, दोन डोळ्यांतला फरक जुळवायला. ते अण्णांच्या नजरेप्रमाणे लावलेलं होतं. ते फिरवलं असतं तर मला स्वच्छ दिसलं असतं. मी फिरवलं नाही. त्यांचं एकदा बिघडवलं तेवढं पुरे. धूसर तेवढं बघितलं आणि परत अडकवली.

जखम भरली का, ते बघायला उद्या पुन्हा तीच तपासणी आहे. भरली असेल तर झालं. नसेल तर आणखी तुकडे, आणखी वाट बघणं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं, मग पुढचं बघू. त्यांनी वेळ सकाळी उशिराची दिली आहे आणि रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही. मी अण्णांना हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्यांच्याकडून वदवून घेतलं.

झोपायला जाताना ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी ओटा पुसत होते. फडकं बाजूला ठेवलं आणि वळून पूर्ण त्यांच्याकडे तोंड केलं.

"उद्या दुर्बीण आहे," ते म्हणाले.

"कुठली, अण्णा?"

"दोन्ही. आधी तळ्यावर जाऊन येऊ, मग ती. तूही चल. उपाशीपोटी पक्षी बघायला डॉक्टरांची मनाई नाही, मी विचारलंय."

मी म्हटलं, म्हणजे तुमचं म्हणणं असं, की पहाटे निघायचं, तळ्यावर थोडा वेळ थांबायचं आणि तिथूनच रुग्णालयात. ते हो म्हणाले. मग मी विचारलं, भीती वाटतेय का. हा प्रश्न मी त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा विचारला.

"वाटतेय," अण्णा म्हणाले.

या वेळी त्यांनी घाई नाही म्हटलं नाही. मी रुग्णालयाची पिशवी आणि दुर्बीण दोन्ही दाराशी एकाच खुंटीला लावून ठेवल्या आहेत.